पाटी कोरी नसते

(मुंबई, ठाणे व वसई-विरार परिसरातील शिक्षक आणि पालक-कार्यकर्त्यांच्या डहाणू येथील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आज सकाळी आपल्यापैकी बहुतेक जण लोकल गाडीने डहाणू रोडला उतरलात. एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी येथवर येऊ लागली. त्यापूर्वी विरारला उतरून शटलची वाट पाहण्यात आमची अर्धी सकाळ जात असे. गाडीची सोय झाली हे चांगलेच झाले. परंतु ज्या गाडीने आपण इकडे आलात, त्याच गाडीने रोज पहाटे डहाणू-तलासरीची माणसे तिकडे जातात, हे आपल्या लक्षात आले असेल. कोणी बोईसरच्या कारखान्यात, कोणी विरार-नालासोपाऱ्याच्या बांधकामावर. आणि दिवाळी झाली, भाताची झोडणी आटोपली की पाड्यांवरची कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही असतात. म्हणजे वारली मूल पाहण्यासाठी आपणांस सव्वाशे किलोमीटर प्रवास करण्याची फारशी आवश्यकता नव्हती. ते आपल्याच वर्गात, बहुधा शेवटच्या बाकावर, गप्प बसलेले आहे.

मला आज त्या गप्प बसण्याविषयी बोलायचे आहे. आणि बोलायचेच तर आरंभ स्वतःपासून करणे उचित होईल.

१९८३ साल. तलासरी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. मी मूळचा सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातला. पुण्यात शिकायला आलो तेव्हा माझ्या तोंडचे ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ ऐकून वर्गातील मुले हसली होती. वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नव्हते. हा अनुभव गाठीशी असताना मी काय केले, ते ऐका. चौथीच्या वर्गाला मी ‘आमच्या घरचा सण’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला. एका मुलाने नव्या धान्याच्या दिवसाविषयी लिहिले. शेतातला नवा तांदूळ देवाला आणि पूर्वजांना दाखविल्याखेरीज वारल्यांच्या घरात कोणी तोंडात घालीत नाही, तो दिवस. कणसरीविषयी त्याने लिहिले होते. कणसरी म्हणजे धान्याची देवी, वारल्यांची अन्नपूर्णाच म्हणा. त्याचा आजा काय काय करतो, हेही लिहिले होते. आज्याला त्याने ‘डोसा’ म्हटले होते आणि नाचणीला ‘नागली’. मी तांबड्या शाईने ‘डोसा’ खोडून ‘आजोबा’ केले, ‘नागली’ खोडून ‘नाचणी’ केले, आणखीही बरेच काही केले आणि शेवटी शेरा मारला : ‘पुन्हा शुद्ध लिहून आण.’

त्याने पुन्हा काही आणले नाही. माझा निबंध तेवढा शुद्ध झाला, त्याचा मात्र संपला. त्या दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर तो मुलगा भट्टीवर गेला आणि शाळेत परतला नाही. शेऱ्यामुळेच गेला असे मी म्हणणार नाही. त्याला पोटच घेऊन गेले. पण जाण्यापूर्वीचे जे दोन-अडीच महिने तो माझ्यासमोर बसून होता, त्या काळात त्याने माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही, हे मला ठाऊक आहे.

आता गंमत पाहा. ‘डोसा’ आणि ‘डोसी’ हे शब्द तलासरीपासून हाकेच्या अंतरावर, सीमेपलीकडे, गुजराती माणूस म्हाताऱ्या-म्हातारीसाठी सर्रास वापरतो. ‘नागली’ तर नाशिकपर्यंत कोणत्याही शेतकऱ्याला समजते. मी खोडलेले शब्द अशुद्ध नव्हतेच. ते मला ठाऊक नव्हते, इतकेच. आपल्या शहरात तर ‘माझा डोसा’ असे एखाद्या मुलाने लिहिले की वर्ग खो खो हसेल आणि गुरुजीही हसतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर उडप्याचे हॉटेल उभे राहील!

या अज्ञानावर ज्यांनी फार पूर्वी उपाय शोधला, त्या दोन माताभगिनींचे कार्यक्षेत्र येथून जवळच आहे. उद्या सकाळी आपण तेथे जाणार आहोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे आपल्याला शिक्षक म्हणून परिचित असतील. परंतु त्यांच्या कार्याविषयी बोलताना आपण ‘त्याग’, ‘सेवा’, ‘समर्पण’ हे शब्द वापरून मोकळे होतो आणि त्यांनी नेमके केले काय, याकडे दुर्लक्ष करतो. माझ्या मते त्यागापेक्षाही त्यांची बुद्धी मोठी होती.

ताराबाई शहरातल्या. जन्म मुंबईचा, १८९२ चा. राजकोटला, पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. मराठी घरातली ही बाई गुजराती शिकली, त्या भाषेत लिहू लागली. दुसऱ्याच्या भाषेत पाहुणे म्हणून राहणे म्हणजे काय, हे तिने स्वतः अनुभवलेले होते. पुढे १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. मध्यमवर्गाची शहाणी, नीटनेटकी मुले, माँटेसोरीची सुबक साधने, कौतुक करणारे पालक. त्या तेथेच राहिल्या असत्या तरी त्यांचे नाव झालेच असते. पण १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुण्याच्या शाळेतील नोकरी सोडून अनुताई त्यांच्यासोबत आल्या.

त्याच वर्षी या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटलेला होता, हे विसरता येत नाही. गोदावरी परुळेकर यांच्या विचारसरणीशी माझे मतभेद आहेत आणि ते मी लपवीत नाही. पण जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदाराच्या अंगणात मान खाली घालून उभी राहत होती, ती तेव्हा प्रथमच मान वर करून बोलू लागली होती, हे मान्य केल्याखेरीज बोर्डी-कोसबाडच्या कामाची पार्श्वभूमी समजत नाही.

बोर्डीला बालवाडी निघाली. साधने आली, शिक्षिका आल्या. आणि ज्यांच्यासाठी आली ती मुलेच येईनात. हरिजन वस्तीतील मुले येत नव्हती, वारल्यांची तर नाहीतच. अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही.’ ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून जन्मला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. बिहारमध्ये अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाच्या आईला हे माहीत नसेल की त्या शब्दाचे मूळ बोर्डीच्या एका वस्तीतील सारवलेल्या अंगणात आहे. निदान आपल्याला तरी माहीत असावे.

१९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथे नवी अडचण उभी राहिली. मोठी मुले गुरे घेऊन रानात जात आणि मुली कडेवरच्या भावंडांना सांभाळीत. शाळेच्या वेळेला दोघेही मोकळे नसत. तेव्हा गुरे चरतात तेथेच शाळा नेली. तिचे नाव कुरणशाळा. भावंडाला घेऊन येणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. आपल्या शहरी शाळेत मुलगी लहान भावाला घेऊन आली तर आपण तिला दारातूनच परत पाठवू. कोसबाडला तो भाऊ हाच तिला शाळेत आणण्याचा मार्ग झाला.

साधनांचेही तसेच. माँटेसोरीची लाकडी साधने महाग होती हे खरे, पण प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. वारली मुलाच्या हातात शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या जन्मापासून होत्या. त्यांचे आकार, वजन, रंग, खरखरीतपणा त्याला ज्ञात होता. मोजणी, वर्गवारी, लहान-मोठेपणा त्याच वस्तूंवर शिकवता येऊ लागला. ज्या मुलाला शाळा ‘काहीच येत नाही’ म्हणून हिणवत असे, त्याला वर्गात आल्याआल्या अर्धे येत आहे, हे शिक्षिकेच्या लक्षात आले.

तसे पाहिले तर या मुलाला किती येते! पहिल्या पावसानंतर रानात शेवळे उगवते. ते तसेच शिजवून खाल्ले तर घसा खाजतो. वारली आई त्यात काकडाची आंबट फळे घालते, मग खाज बाधत नाही. कोणती वनस्पती, कोणत्या महिन्यात, कोणता भाग, कशाबरोबर शिजवायचा, हे दहा वर्षांच्या मुलीला पाठ असते. आपण तिला विज्ञानाच्या तासाला आम्ल आणि अल्कली यांच्या व्याख्या पाठ करायला देतो आणि तिला विज्ञान जमत नाही असा शेरा मारतो.

गणिताचे तर अधिक आश्चर्य. डहाणूच्या बाजारात भाजीच्या जुड्या विकणारी पोर पाहा. तीन जुड्यांचे किती, पन्नासच्या नोटेतून किती परत द्यायचे, हे ती गिऱ्हाईकाशी बोलता बोलता सांगते. तेच गणित फळ्यावर मांडा, ती गोंधळते. हे केवळ आपल्याकडचे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशाच आकडेमोडी कागदावर अंकांत मांडून दिल्यावर जेमतेम ३७ टक्के. आता कोणी म्हणेल, पाच मुलांवरून काय सिद्ध होते? पण २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा याहून कितीतरी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि चित्र तेच दिसले. त्यात आपल्यासारख्यांनी अस्वस्थ व्हावे असा आणखी एक निष्कर्ष आहे. केवळ शाळेत शिकणारी, बाजारात काम न करणारी मुले पुस्तकी गणितात पुढे होती, पण बाजारातला हिशेब त्यांना जमत नव्हता. म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी उभी आहे. आपल्या हुशार मुलांनाही पलीकडे जाता येत नाही.

भाषेच्या बाबतीत ही भिंत आपणच बांधली आहे. डहाणू रोडच्या बाजारपेठेत तासभर उभे राहा. मांगेला कोळीण एका मराठीत बोलते, वारली दुसऱ्या. दुकानदार गुजरातीत हिशेब सांगतो, बोईसरहून आलेला मजूर हिंदीत भाव करतो. चिकूच्या वाडीत काम करणाऱ्या घरातील पोर या साऱ्यांशी बोलते. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या भाषेत ती क्षणात शिरते. आपल्या इंग्रजी माध्यमातील मुलाला दुसरी भाषा यावी म्हणून आपण शिकवणी लावतो. आणि या पोरीला चार भाषा येतात, त्याची नोंद आपण करतो ती ‘भाषा कच्ची’ अशी! मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. इतके भाषिक वैभव फारच थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल. तरीही त्या मुलांच्या घरच्या बोलीकडे आपण अडचण म्हणूनच पाहतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला, तो योग्यच होता. अभिजातपणाचा विचार करताना मला महानुभावांचे एक उदाहरण नेहमी आठवते. श्रीचक्रधर स्वामी मूळ गुजरातचे. त्यांनी मराठी देशी येऊन मराठीत धर्म सांगितला. पुढे त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी पंथातील विद्वानांना संस्कृतात ग्रंथ लिहिण्यापासून परावृत्त केले. कारण काय दिले? त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील. त्या काळी शुद्ध भाषा संस्कृत होती आणि मराठी ही म्हाताऱ्यांची बोली होती. म्हाताऱ्यांची बाजू घेतली गेली म्हणून आज मराठी अभिजात आहे. मग आज वारली डोसीची बाजू आपण का घेऊ नये?

येथे आपल्या मंडळींना एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. आपण वनवासी बांधवांकडे जातो, वसतिगृहे चालवतो, वैद्यकीय शिबिरे घेतो, वह्या-गणवेश वाटतो. मनात कळकळ असते. पण बसतो नेहमी देणाऱ्याच्या आसनावर. घेण्यासारखे तिथे काही आहे, असा विचार क्वचितच मनात येतो. वसतिगृहात मुलाने जेवताना चार वारली शब्द उच्चारले की ‘नीट बोल’ म्हणून आपलाच कार्यकर्ता त्याला दटावतो. त्याला वाटते, आपण संस्कार करीत आहोत. मीही तेच केले होते, म्हणून हे बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

आणि आपल्या कौतुकातही एक चमत्कारिक विसंगती आहे. मुंबईच्या घराघरांत आज वारली चित्रे आहेत. चहाच्या कपावर, साडीच्या काठावर, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर. ही चित्रे लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणी काढीत आल्या. चौकात पालघाट देवी असते, धवलेरी लग्नाची गाणी गाते आणि तीच लग्न लावते. धवलेरी ही स्त्री असते, हेही ध्यानात घ्या. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे ठेवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये या चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या शाळेत चित्रकलेच्या तासाला दोन त्रिकोण जोडून वारली माणूस काढायला शिकवतात. त्याच वर्गातल्या वारली मुलीला मात्र कोणी विचारत नाही की बाळ, तुझ्या घरी हे केव्हा काढतात? तिची चित्रे आपल्याला हवी आहेत, पण तिची वाणी नको आहे.

आता आक्षेप. एक मुख्याध्यापक मित्र मला म्हणाले, ‘हे सगळे ठीक, पण दहावीचा पेपर वारलीत निघत नाही.’ खरे आहे. मुलाला प्रमाण मराठी आली पाहिजे, इंग्रजीही आली पाहिजे, आणि उत्तम आली पाहिजे. त्याला बोलीतच अडकवून ठेवा असे म्हणणारा मी नाही. तसे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात, हेही मी पाहिले आहे. माझे म्हणणे आरंभाविषयी आहे. घरची भाषा हा पहिला दगड धरून पुढचा बांध घालायचा, की तो दगड उपटून फेकायचा? कायदा आणि धोरण या बाबतीत स्पष्ट आहे. १९५६ च्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्यास सांगितले, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची वा स्थानिक भाषा असावी असे म्हटले. कागद पुरेसे झाले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वाजवी आहे. शहरातल्या एका वर्गात पाच भाषांची मुले असतात, शिक्षकाने किती भाषा शिकायच्या? एकही शिकली नाही तरी चालेल. मुलांना आपसांत आपल्या भाषेत एकमेकांना समजावू द्या, दटावू नका. एखाद्या वस्तूला घरी काय म्हणतात, ते फळ्याच्या कोपऱ्यात पाचही शब्दांत लिहा. मुलाने बोलीतला शब्द लिहिला तर तो खोडू नका. शेजारी प्रमाण शब्द लिहा. दोन्ही राहू द्या. महिन्यातून एकदा कोणाची तरी आई, आजी, काका वर्गात येऊन आपले काम दाखवू देत, मग तो गवंडी असो, मासळीवाली असो वा रिक्षावाला. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टुसॉन शहरात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच मेक्सिकन कष्टकऱ्यांच्या घरी पाठवले होते, समुपदेशन करायला नव्हे, त्या घराला काय काय येते ते शिकून यायला. १९९२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. कोसबाडच्या पायवाटा तुडवणाऱ्यांना त्यात नवे असे फारसे काही सापडले नसते.

त्या १९८३ च्या मुलाची आणखी एक हकीकत सांगून थांबतो. २०१४ च्या पावसाळ्यात, पालघर जिल्हा नुकताच झाला होता तेव्हा, डहाणू रोडच्या फलाटावर एका गृहस्थाने मला ‘गुरुजी’ म्हणून हाक मारली. मी ओळखले नाही, त्याने ओळख दिली. विरारला बांधकामावर मुकादम झाला होता. बोलता बोलता त्याचा फोन वाजला, तो मालकाशी गुजरातीत बोलला. दुसरा वाजला, तो मजुरांशी हिंदीत बोलला. माझ्याशी तो इतक्या प्रमाण मराठीत बोलत होता की मला मनातून लाज वाटू लागली. बरोबर अकरा वर्षांची मुलगी होती. मी तिला सहज विचारले, घरी आजीला काय म्हणतेस? ती बापाकडे पाहू लागली. तोच म्हणाला, ‘तिला आपली भाषा येत नाही, गुरुजी. आम्ही घरात बोलतच नाही. शाळेत त्रास नको म्हणून.’ त्याच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. मी तेव्हा जे शिकवले, ते त्याने पुढच्या पिढीला नेमके शिकवले होते.

उद्या सकाळी साडेसातला कोसबाडकडे निघायचे आहे. टेकडी चढायची आहे, तेव्हा चपला जाड तळाच्या असाव्यात. दुपारच्या सत्रात तलासरीकडच्या पाड्यावरून दोन आजी येणार आहेत. रानभाज्या आणि लग्नाची गाणी यांविषयी त्या वारलीतच बोलतील. भाषांतराची सोय आम्ही मुद्दाम केलेली नाही. जे समजणार नाही, ते त्यांनाच विचारावे. आणि भोजनाच्या वेळी त्यांना पहिल्या पंगतीत बसवावे, ही व्यवस्थापकांना विनंती.